लोखंडीवर

सोनबा सुतार लोखंडाला शिव्या द्यायला लागला की माझ्या हॉटेलात चहा जास्त खपायचा. हॉटेल म्हणजे काय, चाकणच्या रस्त्याला चार पत्रे, एक चूल आणि भज्यांची कढई. पण समोर धर्मादाय दवाखाना होता, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. औषधाला आलेली माणसं माझ्याकडे चहा घ्यायची आणि दवाखान्याच्या अंगणात लिंबाखाली जाऊन बसायची. तिथे दोन बाकडी होती. एक लाकडी, एक लोखंडी.

लाकडी बाकडं सोनबाच्या हातचं. दवाखाना सुरू झाला तेव्हा त्यानं ते केलं. पाय बाभळीचे, बैठक आणि पाठ सागाची, आणि सगळ्या बाकड्यात एक खिळा नाही. पाठीला त्यानं असा उतार दिला होता की कंबर धरलेली म्हातारी तिथे टेकली की नंबर लागला तरी उठायला मागायची नाही. लोखंडी बाकडं नंतर आलं, देहूरोडच्या लष्करी सामानाच्या लिलावातून. हिरवा रंग, सरळसोट पाठ, बसायला पट्ट्या. अर्धा तास बसलं की मांड्यांवर वळ उठायचे.

ते आणलं क्षयाच्या रोग्यांसाठी. त्या दिवसांत आमच्या पट्ट्यात हा रोग फार झाला होता. डॉक्टरांनी नियम केला की क्षयाच्या माणसानं लोखंडी बाकड्यावरच बसायचं. लाकूड थुंकी पितं, लोखंड फिनेलनं धुता येतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक होतं असं मी म्हणत नाही. सकाळी डॉक्टर बाहेर यायचे, लोखंडी बाकड्यावरच्यांना आत न्यायचे आणि सुई टोचायचे. सुई पुण्याहून यायची, फुकट मिळायची, आणि माणसं बरी व्हायची. खाटेवर घालून आणलेली माणसं पायांनी चालत घरी जाताना मी पाहिली आहेत.

पण गावाचं तोंड कोण धरणार? आमच्याकडे क्षयाचं नाव कुणी घेत नसे. नाव घेतलं की तो घरात शिरतो अशी भीती. मग गावाला एक सोयीचा शब्द सापडला, लोखंडी. 'अमक्याची सून लोखंडीवर बसली,' एवढं म्हटलं की संपलं. त्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही, त्या घरात कुणी पोर द्यायची नाही, त्या घरची पोर करायची नाही. ठणठणीत बरा झालेला माणूससुद्धा मरेपर्यंत लोखंडीवरचाच. मला या शब्दाचा इतका संताप आहे की अजूनही कुणी लोखंडी तवा म्हटलं तरी माझं डोकं उठतं.

तर सोनबा. माणूस काटकुळा, मिशा भरघोस, आणि जीभ त्याच्या पटाशीसारखी धारदार. कामावर जाता-येता तो दवाखान्यात वळायचाच. स्वतःच्या बाकड्यावर ऐसपैस बसायचा आणि कंपाउंडर अर्जुनराव बाहेर दिसला की सुरू व्हायचा.

"अर्जुनराव, चैतात भर दुपारी बस त्या लोखंडावर. भाकर भाजून निघंल. आन् पुसात बसून बघ, हाडं गोठत्यात. उन्हात तापायचं, थंडीत गारठायचं, त्याला सवताचं काय हाय का? लाकडाचं तसं न्हाई. लाकूड झाड हुतं. तू नुसता टेक, घटकाभरात तुझ्या अंगाइतकी ऊब धरतं."

"आन् ढेकूण कोण पाळतं, सोनबा? लोखंड का लाकूड?" अर्जुनराव विचारायचा.

"ढेकूण शाना हाय. ऱ्हायला जागा पारखून घेतो."

सगळं अंगण हसायचं. लोखंडी बाकड्यावरची माणसंही तोंडावर फडकं धरून हसायची. मग सोनबालाच खोकल्याची उबळ यायची. छाती धरून तो खोकायचा, डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "भुसा गेला नरड्यात." सुताराला खोकला असायचाच. त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं. त्यालाही वाटत नव्हतं.

त्याला मुलगा नव्हता. एकच लेक, छबू. सुताराला ओंडका चिरायचा तर मोठी करवत दोघांनी ओढावी लागते, एकानं वर उभं राहून, एकानं खालून. सोनबा वर आणि छबू खाली. पोर लहानपणापासून ते काम करत आली. डोक्याला फडकं गुंडाळून ती ओढायची आणि वरून भुसा तिच्या तोंडावर, खांद्यावर पडत राहायचा. कधी तीही खोकायची. बाप वरून ओरडायचा, "तोंड मिट गं, भुसा जातोय." रात्री मंजुळाबाई, म्हणजे सोनबाची बायको, दोघांना एकाच पितळीत हळद घातलेलं दूध द्यायची. बापानं अर्धं प्यायचं, लेकीनं अर्धं.

चोपन्न सालची दिवाळी झाली आणि सोनबाच्या खोकल्यातून रक्त पडलं. त्यानं ते भुशानं झाकलं. पण मंजुळाबाईनं पाहिलं आणि त्याला ढकलत दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी तपासलं, थुंकी पुण्याला पाठवली. निकाल आला त्या दिवशी आत काय झालं ते मला अर्जुनरावानं सांगितलं, कुणाजवळ बोलणार नाही अशी शपथ घालून.

डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून सुई सुरू करू. सकाळी येऊन त्या बाकड्यावर बसायचं."

सोनबानं हात जोडले. "डाक्टर, सुई द्या. पर तिथं बसायला सांगू नगा. मागल्या दारानं येतो."

"मागच्या खोलीत बाळंतिणी असतात. क्षयाचा माणूस मी तिथून आत घेणार नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"माझ्या छबूचं लगीन व्हायचंय. मी त्या लोखंडावर बसल्यालं दिसलो तर माझी लेक जन्मभर घरात ऱ्हाईल. येवढं लगीन उरकू द्या. मग बसतो. दिसभर बसतो."

डॉक्टर रागावले, समजावलं, पुन्हा रागावले. सोनबा ऐकेना. शेवटी खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन तो बाहेर आला आणि लाकडी बाकड्यावर बसला. मी त्याला चहा नेऊन दिला. तो चहा न पिता लिंबाकडे बघत राहिला.

आता त्याला छबूचं लग्न लावायचं होतं, आणि लागेपर्यंत उभं राहायचं होतं. बाकी सगळं त्यानं बाजूला सारलं. लोखंडाला शिव्या घालणं मात्र सोडलं नाही. उलट वाढवलं. पूर्वी गंमत म्हणून बोलायचा, आता रोज सगळ्यांसमोर लाकडावर बसून दाखवायचं म्हणून बोलायचा. लोक पोट धरून हसायचे. मला ते बघवत नसे, मी चुलीकडे तोंड फिरवून भजी तळत बसायचो.

माघात स्थळ आलं. खेडचे उद्धवराव, तेही सुतारच. बैलगाड्यांचा कारखाना म्हणावा इतकं मोठं काम, मुलगा मालोजी हाताखाली तयार झालेला. असं स्थळ सोनबाच्या सात पिढ्यांत आलं नसेल. पण उद्धवराव पक्के. मुलगी बघण्याआधी ते दवाखान्याच्या अंगणात आले. आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या सोयरिकी तेव्हा तिथूनच जायच्या. घर बघण्याआधी त्या घरचं कुणी लोखंडीवर आहे का ते बघायचं.

सोनबा लाकडी बाकड्यावर बसलेला. उद्धवराव त्याच्या शेजारी बसले. बसल्या बसल्या त्यांचा हात बैठकीखाली गेला, सांधे चाचपू लागला. सुतार तो सुतार.

"खिळा न्हाई?" त्यांनी विचारलं.

"एक न्हाई."

"आन् पाठीचा ह्यो उतार?"

"माझ्या बायकुला बाळंतपणात पाठ धरली हुती. ती भिताडाला कशी टेकायची ते बघून घेतला."

उद्धवराव पाठ टेकून बसले. डोळे मिटले. "लोखंडाला ह्ये जमायचं न्हाई," ते म्हणाले.

इतर वेळी या वाक्यावर सोनबानं तासभर भाषण दिलं असतं.  मी रस्ता ओलांडून दोन कप घेऊन गेलो तेव्हा त्याचा चेहरा पाहिला. त्याला खोकल्याची उबळ आली होती आणि तो ती गिळत होता. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही हातांनी त्यानं बाकड्याची कड आवळली होती. मी उद्धवरावांच्या आणि त्याच्या मधे उभा राहिलो आणि खेडच्या बाजारात बैलांचे भाव काय आहेत ते विचारत सुटलो. मला बैलांशी काय करायचंय? पण उद्धवराव सांगत बसले.

"पावणं, डोळ्याला पानी का?" मग त्यांनी विचारलं.

"लेकीचं बोलणं चाललंय," सोनबा कसाबसा म्हणाला. "बापाच्या डोळ्याला यायचंच."

उद्धवरावांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. सोयरीक त्या बाकड्यावरच पक्की झाली.

वैशाखात लग्न झालं. छबू हळदीत उजळून निघाली होती. पाठवणीच्या वेळी ती रडली, मग खोकली, आणि आयाबाया म्हणाल्या, रडून रडून घसा बसला पोरीचा. सोनबा बाजूला भिंतीला धरून उभा होता. त्या महिन्यांत त्याचं निम्मं अंग झिजलं होतं. लग्नाच्या धावपळीत माणूस वाळतोच, असं सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

मांडव उतरवला आणि दुसऱ्या सकाळी सोनबा दवाखान्यात आला. लग्नातलाच पटका डोक्याला. लाकडी बाकड्याजवळ थांबला नाही. सरळ जाऊन लोखंडीवर बसला. अंगणातली माणसं माना वळवून बघू लागली. ऊन चढलं होतं, पट्ट्या तापल्या होत्या, आणि त्याच्या अंगावर मांस राहिलं नव्हतं. हाड थेट लोखंडावर. तो एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर भार टाकत राहिला, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. अर्जुनरावानं आतून पोतं आणून दिलं, तेही त्यानं घेतलं नाही.

"सोनबा, कसं वाटतंय?" कुणीतरी खवचटपणे विचारलं. मी त्या माणसाला त्यानंतर चहा दिला नाही.

मी सोनबाला म्हटलं, "खेडला कळंल की आज-उद्या."

"कळू दे. अक्षता पडल्या. दिलेली लेक कोण माघारी धाडतंय?"

सुई लागू पडली. ज्येष्ठ सरेपर्यंत सोनबाचा ताप उतरला, अन्न जाऊ लागलं. डॉक्टर खूश. मंजुळाबाईनं दवाखान्याच्या पायरीला हळदकुंकू वाहिलं.

आणि आखाड आला. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात सून सासरी ठेवत नाहीत, माहेरी पाठवतात आणि श्रावणात न्यायला येतात. रीतच आहे. त्यामुळे खेडची बैलगाडी छबूला सोडून गेली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मला वाटलं. कारण ती गाडीतून उतरली ती माझ्या हॉटेलासमोर, आणि उतरून घरापर्यंत जायला तिला दोनदा बसावं लागलं. गालांवर लाली, डोळे चकाकत होते. लोक म्हणाले, सासर मानवलं. मी हे तेज लोखंडीवर बसलेल्यांच्या तोंडावर वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

सोनबानंही ओळखलं.  दुसऱ्या दिवशी तो तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की बापापेक्षा तिचं जास्त आहे, बऱ्याच दिवसांचं आहे, आजपासूनच सुई.

छबू बाहेर आली आणि लाकडी बाकड्यावर बसली.

"हिकडं ये, छबू," लोखंडीवरून सोनबानं हाक मारली.

"न्हाई दादा." बापाला ती दादाच म्हणायची.

"अगं, सुई घ्यायचीय तुला."

"ते न्यायला येतील पंचमीला. त्यांनी मला तिथं बसल्याली बघितली तर नेतील का? आधी नेऊ देत. मग खेडहून येऊन बसते. तुमी न्हाई का माझ्या लग्नासाठी थांबला?"

  मी रिकामे कप उचलायला अंगणात आलो होतो, सगळं ऐकलं. त्या पोरीचा राग येत होता, बापाचा येत होता, आणि सगळ्यात जास्त त्या हिरव्या रंगाच्या बाकड्याचा येत होता, ज्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

अर्जुनराव म्हणाला, मी घरी येऊन टोचतो, डॉक्टरांचं मी बघतो. छबू त्यालाही नाही म्हणाली. कंपाउंडरची सायकल दारात दिसली म्हणजे लोखंडीवर बसल्यासारखंच. मंजुळाबाईनं लेकीची बाजू घेतली. तिनं नवऱ्याला सांगितलं, "पंचमीपतुर कळ काढा. सासर सुटलं तर जगून काय करंल ती?"

पंचमी झाली. खेडहून कुणी आलं नाही. मंजुळाबाई म्हणाली, गवराईला येतील. छबू रोज सकाळी दवाखान्याच्या अंगणात येऊन लाकडी बाकड्यावर बसायची, कारण तिथून खेडकडचा रस्ता लांबपर्यंत दिसायचा. गाडी दिसली की पदर सावरायची. गाडी कांद्याची निघायची, किंवा पिंपरीच्या नव्या औषध कारखान्याला दगड नेणारा ट्रक असायचा. तिचा बाप चार हातांवर लोखंडीवर बसलेला असायचा आणि दोघं एकमेकांशी बोलत नसत. सोनबाचं नाव पुकारलं की तो उठायचा, दंड पुढे करायचा, औषध त्याच्या अंगात जायचं. लेक रस्ता बघत बसायची.

गवराई गेल्या. त्यानंतरच्या एका सकाळी सोनबा कुऱ्हाड घेऊन अंगणात आला. छबू अजून यायची होती. त्यानं लाकडी बाकड्याच्या पाठीवर पहिला घाव घातला. आम्ही धावलो, अर्जुनरावानं हात धरला, तो झटकून टाकला. आजारातून उठलेला माणूस, पण त्या दिवशी त्याला कुणी आवरू शकलं नाही. सांधे असे केलेले की सुटेनात. बाभळीचे पाय तुटता तुटत नव्हते. स्वतःच्याच हातच्या कामाशी तो कितीतरी वेळ झगडत होता आणि घावागणिक ओरडत होता, "आता बस. आता कुठं बसतीस ती बस."

छबू आली तेव्हा लिंबाखाली नुसता ढलप्यांचा ढीग होता आणि त्यात तिचा बाप धापा टाकत उभा होता. तिनं ढिगाकडे पाहिलं, लोखंडीकडे पाहिलं. लोखंडी रिकामी होती, तिच्यासाठीच रिकामी ठेवली होती. ती बसली नाही. लिंबाच्या खोडाला हात लावून उभी राहिली, आणि उभं राहवेना तेव्हा घरी गेली. त्यानंतर ती अंगणात आलीच नाही. दसऱ्यापर्यंत तिला उठता येईना. तेव्हा ती सुईला तयार झाली, किंवा नाही म्हणायची ताकद राहिली नाही. डॉक्टर स्वतः घरी गेले, नियम-बियम सगळं विसरून. पण वेळ गेली होती. दिवाळीच्या तोंडावर छबू गेली.

लग्न झालेल्या बाईला अग्नी नवऱ्यानं द्यायचा असतो, म्हणून खेडला माणूस धाडला. मालोजी आला. एकटाच आला, बापाला न घेता, सायकल मारत. पोरसवदा, नुकती मिसरूड फुटलेली. नदीवरून सगळे परतले आणि माझ्या हॉटेलाजवळ थांबले, तेव्हा तो पत्र्याशी बसून लहान पोरासारखा रडायला लागला. सोनबा त्याच्यासमोर उभा होता, कोरड्या डोळ्यांनी.

"आता रडताय," तो म्हणाला. "ती पंचमीपासनं तुमच्या वाटंवर डोळं लावून हुती. सुई घेतली न्हाई तिनं. लोखंडीवर बसली तर तुमी नेणार न्हाई म्हणून."

मालोजीनं मान वर केली. त्याला काही कळलं नाही असं आधी वाटलं.

"सुई घेतली न्हाई?" तो म्हणाला. "आमी तर त्याचसाठी थांबलो हुतो. तिचा खोकला आमच्या घरात दिसतच हुता, आन् तुमी लोखंडीवर बसून बरं झालात ते आमच्या कानावर आलं हुतं. बा म्हणला, पोरगी माहेरीच ऱ्हाऊ दे, तिथं दवाखाना हाय, सुया घेऊन बरी झाली की आणू. घरात सगळ्यांचं ठरलं हुतं."

 सोनबा खाली बसला, तिथेच रस्त्याच्या कडेला, धुळीत.

"मग सांगावा का न्हाई धाडला?"

"कसा धाडायचा, मामा?" मालोजी म्हणाला. "आजाराचं नाव घ्यावं लागलं असतं."